इरम्माचं कुंकू आणि डाळमिलचा पाळणा

मुरूम गावाबाहेर, बाजार समितीच्या पलीकडं, एक डाळमिल आहे. त्या मिलमध्ये खंडेनवमीला इरम्माच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय एकही यंत्र फिरत न्हाय. चाळणी म्हणू नका, तुरीची टरफलं काढायचा रोल म्हणू नका, वजनकाटा म्हणू नका, सगळ्यांना आधी तीन बोटांचं भस्म, मग हळद, मग कुंकू, आणि शेवटी पिवळा नाडा. इरम्मा ताट घेऊन पुढं, बाकीच्या बाया मागं, आणि हमाल टोप्या सारख्या करत भिंतीला टेकून उभे. अशी ती रीत.

हा मान तिला मालकाच्या आईनं दिला. मिल नवी सुरू झाली तेव्हा त्या म्हातारीनं सगळ्या बायांवरनं नजर फिरवली आणि ताट इरम्माच्या हातात दिलं. का दिलं ते सांगितलं न्हाय. इरम्मा समजायची की आपला हात चांगला म्हणून दिलं. तिचा नवरा महालिंगप्पा म्हणायचा की तू दाराशी उभी होतीस, हाताला लागलीस, म्हणून दिलं. या गोष्टीवर दोघांचा संसारभर वाद चालला. पण म्हातारी गेली, तिचा मुलगा राजशेखर गादीवर बसला, तरी ताट इरम्माकडंच राहिलं. ते काय दाराशी उभं राहण्यानं राहत न्हाय.

इरम्माचं रोजचं काम गच्चीवरचं. तुरीला तेलपाणी लावलं की ती उन्हात वाळवावी लागते, तेव्हा कुठं डाळ नीट फुटते. त्यासाठी मिलला ही मोठी गच्ची. ओली तूर पसरायची आणि घटकाघटकानं पायानं वळवायची. हातानं वळवायला बसलं तर सूर्य मावळंल. बाया लुगडं वर खोचून, अनवाणी, पाय घासत घासत तुरीतनं चालतात आणि मागं रेघा उमटत जातात, पेरणीच्या पाभरीनं शेतात काकरी ओढल्यासारख्या. इरम्माची रेघ दोरीनं आखल्यागत सरळ. नव्या पोरींना ती सांगायची की खाली बघू नका, समोरच्या कठड्याकडं बघत चाला, पाय आपोआप सरळ जातो. पोरी कठड्याकडं बघायच्या आणि एकमेकींवर आदळायच्या.

ही तूर वर न्यायला आणि वाळलेली खाली आणायला एक लिफ्ट होती. लोखंडी पिंजरा, वर गच्चीवर मोटर, आणि जाड तारेचा दोर. मालक लिफ्ट म्हणायचा, बाया पाळणा म्हणायच्या. खाली दाराशी पाटी होती, मालासाठीच आहे, माणसांनी बसू नये. पाटीवर पोत्यांची थप्पी लागलेली, त्यामुळं ती वाचायचा कुणाला कधी ताप झाला न्हाय.

पाळण्याच्या दाराला एक लोखंडी जीभ होती. दार नीट लावलं की ती खाली दाबली जायची, तेव्हाच पाळणा हलायचा. दार उघडं असलं की पाळणा मेल्यागत उभा. आता बघा, पाळण्याची पूजा करताना नाडा बांधायचा कुठं? सगळीकडं सपाट पत्रा आणि तेलकट गज. ही जीभ तेवढी वाकडी, बोटाजोगी, बांधायला सोयीची. इरम्मानं पहिल्या वर्षी तिथंच नाडा बांधला आणि खालच्या गजाला गाठ मारली. पूजेचा नाडा कुणी तोडत न्हाय, आपणहून गळला तर गळू द्यायचा. दुसऱ्या वर्षी त्याच्यावर दुसरा बांधला, मग तिसरा. होता होता त्याचा अंगठ्याएवढा जाड पीळ झाला आणि ती जीभ कायमचीच खाली बसली. पाळण्याला वाटायला लागलं की दार लागलेलंच आहे.

हमालांना हे सगळ्यात आधी कळलं आणि त्यांना आनंद झाला. दर खेपेला दार ओढायचं काम वाचलं. मुकादम बिभीषण म्हणायचा, इरम्माकाकीच्या नाड्यानं पाळणा शहाणा झाला, आता दार लावा म्हणून अडून बसत न्हाय. इरम्मालाही ते ऐकून बरं वाटायचं.

शिमगा झाल्यावरची गोष्ट. ऊन कडक, तूर भराभर वाळत होती, त्यामुळं खालनं वर माल चढवायची घाई. इरम्मा पाणी प्यायला खाली आली होती. जाता जाता तिनं तुरीचं एक घमेलं उचललं आणि पाळण्यात ठेवायला वाकली. एक पाय आत, एक पाय बाहेर. वरनं बिभीषणनं डोकावलं, पोती भरलेली दिसली, बाई काय दिसली न्हाय. त्यानं बटण दाबलं. दार सताड उघडं, तरी पाळणा निघाला.

इरम्माचा बाहेरचा पाय सुटला आणि ती पोत्यांवर आडवी झाली. वर गच्चीच्या कडेला एका पोत्याचा कान अडकला, पाळणा वाकडा झाला, मोटर गुरगुरली आणि बंद पडली. तिथंच ब्रेकनं पाळणा धरायला पाहिजे होता. धरला न्हाय. दोर सरसरत सुटला आणि इरम्मा, तूर, पिंजरा, सगळं खाली आलं. आवाज असा झाला की शेजारच्या आडतीतले लोक पळत आले. पोत्यांखालनं तिला काढली तेव्हा ती शुद्धीवर होती. उजव्या पायाची नळी मोडलेली डोळ्यांना दिसत होती. तरी बाईनं पहिलं काय विचारलं असंल, तर तूर सांडली का.

सोलापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. पायात सळई घातली. खोटं कशाला बोलायचं, खर्च मालकानं केला आणि भेटायलाही आला, द्राक्षं घेऊन. बिभीषण मात्र जास्त वेळा आला. यायचा, खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि पंख्याकडं बघायचा. एकदा महालिंगप्पानं त्याला म्हटलं की बाबा, पंखा सरकारी आहे, तुझ्या बघण्यानं जोरात फिरणार न्हाय, बस खाली. तेव्हा बिभीषण बसला, आणि बसल्याबसल्या रडला. इरम्मानंच त्याला पदरानं डोळे पुसायला लावले. म्हणाली, तू बटण दाबलंस, तुला दिसले न्हाय, झालं.

घरी आल्यावर दुसरंच दुखणं सुरू झालं. गावात बोलायला लागले की इरम्माचा हात उतरला. जिच्या हातचं कुंकू, तिलाच पाळण्यानं खाल्लं, म्हणजे हातातच काही खोट असणार. नळावर, गिरणीत, लग्नाच्या मांडवात. तोंडावर कुणी म्हणत न्हवतं, पण शेजारच्या घरी नव्या पंपाची पूजा झाली आणि इरम्माला बोलावणं आलं न्हाय. आधी आठवणीनं यायचं. पाय जुळत होता, पण हे काही जुळत न्हवतं. काठी घेऊन अंगणात चालायला लागली तरी ती उंबऱ्याबाहेर पडंना.

पावसाळ्यात एका दुपारी गफार मिस्त्री आला. मिलची यंत्रं तोच बघतो. चहा झाला, पायाची चौकशी झाली, उडदाला पाणी जास्त झालं हेही झालं. मग तो इरम्माला म्हणाला, "अव्वा, दोन गोष्टी सांगायच्यात. एक तुम्हाला आवडणार न्हाय, एक मालकाला."

इरम्मा म्हणाली, आधी माझी सांग.

गफारनं जमिनीवर काडीनं ती जीभ काढून दाखवली, नाडा काढून दाखवला. नाड्यानं ती जीभ दाबून धरली होती म्हणून दार उघडं असताना पाळणा निघाला. इरम्मानं काडी घेतली आणि त्या नाड्याच्या रेघेवरनं परत एकदा फिरवली.

मग गफार म्हणाला, "नाड्यानं पाळणा निघाला हे खरं. पण पडला तो ब्रेकनं. ब्रेक झिजून काचंसारखा गुळगुळीत झाला होता. म्या हंगामाच्या आधीच मालकाला सांगितलं होतं. ते म्हणाले, हंगाम झाल्यावर बघू."

"आणि आता बदलला?"

"आता तर पाळणा बंदच आहे. हमाल जिन्यानं वाहतात."

तो गेल्यावर महालिंगप्पानं बायकोला सल्ला दिला. दम्यामुळं तो एकेक शब्द मोजून बोलायचा, त्यामुळं त्याचे सल्ले सगळ्यांना शहाणपणाचे वाटायचे. ब्रेकचं सगळ्या गावाला सांग, म्हणाला, आणि नाड्याचं नाव काढू नको. हात तुझा चांगलाच आहे असं होईल, विषय मिटंल. इरम्मा भाकरी थापत होती. म्हणाली, अर्धंच सांगितलं तर ते सांगणं न्हाय, चहाडी झाली. त्यावर महालिंगप्पा म्हणाला, मग घरात बस. आणि ती बसली.

दसऱ्याच्या आधी मालकाची गाडी दारात आली. राजशेखर स्वतः आला होता. लहानपणी तुरीच्या ढिगावर लोळायचा तेव्हापासून इरम्मानं त्याला बघितलेला. आला, वाकून पाया पडला, म्हणाला, अव्वा, पाळणा परत सुरू करायचाय, हमालांच्या पाठी गेल्या, नवमीला तुम्हीच कुंकू लावायचं, आईची रीत मोडायची न्हाय. गाडी पाठवतो. सून निकिता आतनं ऐकत होती, तिला वाटलं सासूबाई नको म्हणतील. सासूबाई म्हणाल्या, येते.

नवमीला तिनं इरकल लुगडं नेसलं, काठीला तेल लावलं आणि गाडीत पुढं बसली. मिलच्या दारात उतरली तेव्हा बाया आधी बाजूला सरल्या. मग एकजण आली, दुसरी आली, आणि ताट तिच्या हातात दिलं. तिनं चाळणीला कुंकू लावलं, रोलला लावलं, काट्याला लावलं. एकही बोट वाकडं उमटलं न्हाय. हे सगळ्यांनी बघितलं, कारण सगळे तेच बघायला उभे होते.

पाळण्यापाशी आली तर पाळणा नवरदेवासारखा सजलेला. वरपासून खालपर्यंत हिरवा रंग, झेंडूच्या माळा, आणि पाटी पुसून नवी काढलेली, पिवळ्या अक्षरांत. इरम्मानं भस्माची बोटं उचलली आणि तिची नजर त्या लोखंडी जिभेवर गेली. तिचा नाडा तिथंच होता. रंगाऱ्यानं त्याच्यावरनंच ब्रश फिरवला होता. हिरवा, कडक, अंगठ्याएवढा.

तिनं बोटं खाली घेतली. गफार मोटरीच्या वायरी बघत कोपऱ्यात उभा होता. तिनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "गफार, ब्रेक बदलला का रे?"

गफारनं मालकाकडं बघितलं. मालकानं झेंडूकडं बघितलं. उत्तर मिळालं. तिनं ताट पोत्यावर ठेवलं.

राजशेखर हळू म्हणाला की अव्वा, सणाच्या दिवशी हे बरं न्हाय, दोर घट्ट केलाय, रंग दिलाय, ब्रेक दिवाळी झाल्यावर बघू. तिनं ताट उचललं न्हाय. मग त्याला राग आला. मालक झाला तरी माणूसच, चारचौघांत कुणी अडवलं की राग यायचाच.

"अव्वा, तो नाडा कुणाच्या हातचा होता? ते पण सांगा की सगळ्यांना."

गावात आडून बोलत होते ते आज उघड झालं. इरम्मानं मान डोलावली, जशी काही ती या प्रश्नाचीच वाट बघत होती.

"माझ्या हातचा. ही जीभ नाड्यानं दाबली, म्हणून दार उघडं असताना पाळणा निघाला. त्यात धोका आहे हे मला कळलं न्हाय. कळलं न्हाय म्हणून माझा पाय वाचला न्हाय, तो मोडलाच."

मग तिनं पूजेच्या पाटावरचा विळा उचलला. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, त्यातला तो, कुंकू लावलेला, फुलं वाहिलेला. काठी बिभीषणच्या हातात दिली, गजाला धरून वाकली आणि विळा त्या नाड्याला लावला. एक म्हातारी बाई शिवा शिवा म्हणून मागं सरली. रंगानं नाडा लाकडासारखा झालेला, एका फटक्यात तुटंना. कराकरा कापला. शेवटचा धागा तुटला आणि ती जीभ टणकन वर उडाली. सगळ्यांनी ऐकलं.

इरम्मानं नाड्याचा तुकडा मालकापुढं ताटात ठेवला. "माझ्या हातचं म्या तोडलं. आता तुमच्या हातचं तुम्ही बघा."

राजशेखरनं इकडं तिकडं बघितलं. दुसऱ्या बायांना म्हणाला, कुणीतरी लावा कुंकू, मुहूर्त चाललाय. बायांना आपापल्या पायाची बोटं फार बघण्यासारखी वाटायला लागली. हमालांची मात्र कुजबुज सुरू झाली, आणि त्यांचंही खोटं न्हवतं. जिन्यानं ओली तूर वाहून त्यांची कंबर गेली होती. एकजण म्हणालाच, काकी, तुमचा पाय गेला हे खरं, पण आमच्या पाठीचं काय? पाळणा सुरू झाला तर आम्ही सुटू.

उत्तर दिलं बिभीषणनं, हातात तिची काठी तशीच धरून.

"बटण म्या दाबतो. उद्या पाळण्यात तू असशील, तवा पण म्याच दाबणार. ब्रेक येईस्तोवर म्या वाहतो तुझ्या वाटची पण पोती. बिनकुंकवाच्या यंत्राला हात लावायचा असंल त्यानं लावावा, म्या न्हाय लावणार."

मालक गाडीत बसून निघून गेला. इरम्माला आणलेली गाडी तीच होती, त्यामुळं परत जायला बिभीषणनं कुणाचातरी टेम्पो थांबवला. टेम्पोत इरम्मा तुरीच्या भुशाच्या पोत्यांवर बसून, इरकल लुगड्यात, भर बाजारातनं घरी आली. महालिंगप्पानं दारातनं बघितलं. विचारलं, मान मिळाला का? ती म्हणाली, न्हाय, ब्रेक येईस्तोवर तिथंच ठेवलाय.

पुढचे दिवस सोपे न्हवते. पाळणा तसाच हिरवा उभा, झेंडू सुकून काळा पडला. बिभीषण बोलल्याप्रमाणं दुप्पट वाहत होता, आणि त्याचं बघून बाकीचे हमालही गुमान वाहत होते, शिव्या देत. काही शिव्या इरम्माच्या नावाच्याही असणार, कशाला झाकायचं. दिवाळीची डाळ सगळीकडनं मागितली जात होती आणि गच्ची अर्धी रिकामी पडत होती. राजशेखर माणूस वाईट न्हवे. त्याला फक्त प्रत्येक गोष्ट हंगाम झाल्यावर करायची सवय, आणि आपल्याकडं एक हंगाम संपला की दुसरा दारात उभा असतो. पण असं म्हणतात की एका संध्याकाळी तो आईच्या तसबिरीपुढं दिवा लावत होता, आणि दिवा लावून झाल्यावर त्यानं गफारला फोन केला. फोनवर एवढंच म्हणाला, सोलापूरला जा, ब्रेक घेऊन ये, दोरही नवा आण.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा गाडी आली. या वेळी इरम्मा रोजच्या लुगड्यातच निघाली, निकिताला संगं घेऊन. पाळण्याचं दार गफारनं उघडं ठेवलं आणि बिभीषणला वर बटण दाबायला पाठवलं. बिभीषणनं दाबलं. पाळणा हलला न्हाय. दार लावलं, दाबलं, निघाला. मध्येच गफारनं वीज तोडली. भरल्या पोत्यांचा पाळणा अधांतरी थांबला आणि थांबूनच राहिला. दोराला साधी थरथरही न्हाय. हमाल खालनं वर बघत राहिले, जत्रेत पाळण्याकडं बघतात तसे.

गफारनं वीज जोडली, पाळणा खाली उतरवला, बिभीषणही खाली आला, आणि राजशेखरनं ताट पुढं केलं. इरम्मानं घेतलं, पण दाराशी कुंकू लावंना. गफारला विचारलं, ब्रेक कुठं बसवलास? तो म्हणाला, वर, मोटरीपाशी, गच्चीवर. ती म्हणाली, मग कुंकू तिथं. ज्यानं धरायचं त्याला लावायचं.

राजशेखर हसला. या वेळी मनापासून हसला. म्हणाला, चला अव्वा, पाळणा तयारच आहे, तुम्हीच पहिल्या बसा.

इरम्मानं काठीनं पाटीकडं दाखवलं. "बिभीषण, वाच रे ते मालकांना."

बिभीषणनं मोठ्यानं वाचलं, मालासाठीच आहे, माणसांनी बसू नये. बायांत हशा पिकला, आणि राजशेखरनं हात जोडले.

मग ती जिन्यानं निघाली. एका हातात ताट, एका हातात काठी. शिमग्यानंतर त्या पायानं ती एवढं कधी चढली न्हवती. ताट घ्यायला निकितानं हात पुढं केला तर तिनं डोळ्यानंच मागं सारली. चांगला पाय वर, मग काठी, मग सळईचा पाय. मध्ये थांबली, भिंतीला टेकली, श्वास घेतला, पुन्हा निघाली. खाली मिल बंद होती. रोल बंद, चाळणी बंद, सगळे जिन्याच्या तोंडाशी माना वर करून. काठीचा तेवढा आवाज.

गच्चीवर मोटरीशेजारी नवा ब्रेक होता, करड्या रंगाचा, अजून तेलाचा वास असलेला. तिनं त्याला तीन बोटांचं भस्म ओढलं, हळद लावली, कुंकू लावलं. नाडा हातात घेतला आणि गफारकडं बघितलं. गफार म्हणाला, इथं नको, तिथं नको, अव्वा, हे फिरतं. शेवटी त्यानंच मोटरीला झाकणाऱ्या पत्र्याच्या शेडचा एक खांब दाखवला, जो कधीच हलणार न्हवता. तिथं तिनं गाठ मारली.

गच्चीवर सकाळची तूर पसरलेली होती, कुणीतरी घाईत वळवलेली, रेघा वेड्यावाकड्या. इरम्मा त्या रेघांकडं बघत उभी राहिली. तिला ते बघवंना. ताट तिनं कठड्यावर ठेवलं आणि चपला काढल्या. निकिता म्हणाली, आत्या, डॉक्टरांनी काय सांगितलंय? इरम्मा म्हणाली, डॉक्टरांनी तूर बघितली न्हाय.

आणि काठी टेकत, उजवा पाय तुरीत घासत, नजर समोरच्या कठड्यावर ठेवून ती चालायला लागली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. मध्ये पाय जरा लंगडला, तिथं रेघ थोडी वाकली, पण पुढं जाऊन तिनं ती परत सरळ केली. मागनं वर आलेल्या बाया जिन्याच्या तोंडाशीच थांबल्या. कुणी त्या रेघेवर पाय देईना.

येत्या लग्नसराईत शेजारच्यांच्या घरी नवी पिठाची चक्की येणार आहे. बोलावणं आत्ताच येऊन गेलंय. इरम्मानं सांगून ठेवलंय की येते, पण आधी गफारला दाखवा, कुंकू मागनं.